डिप्रेशनची गोळी: लागते का, कुठे ठरवायचं, किती खर्च येतो

गोळी लागते की नाही एवढंच ठरवायला कोल्हापुरात शून्यापासून दीड-दोन हजार रुपयांपर्यंत खर्च येतो आणि साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्याहून जास्त पैसे कुणी मागत असेल, तर कशासाठी ते विचारा. त्याहून कमी वेळात, म्हणजे तीन मिनिटांत उभ्याउभ्या कुणी गोळी लिहून दिली, तरीही विचारा.

आधी अपवाद. मरणाचे विचार येत असतील, खाणंपिणं सुटलं असेल, कानात आवाज येत असतील किंवा बाळंतपणानंतर आईला बाळाकडे बघवत नसेल, तर पुढचं वाचत बसू नका. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीला 14416 वर फोन लावा, नाहीतर सरळ सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तो चोवीस तास उघडा असतो. गाडी नसेल तर 108. घरात शेतीची औषधं असतील तर ती कुलपात टाका, किल्ली दुसऱ्याकडे द्या आणि माणसाला एकटं सोडू नका. कागदपत्रं, खर्च, विमा, सगळं नंतर.

बाकीच्यांनी एक कागद आणि पेन घ्यावं. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. ती फुकट आहे आणि पाच मिनिटांत भरून होते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का, उदास वाटलं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उलट जिवाची घालमेल होणं, आणि शेवटी मरणाचे विचार. प्रत्येक प्रश्नाला, तसं झालंच नसेल तर 0, काही दिवस झालं तर 1, निम्म्याहून अधिक दिवस तर 2, जवळजवळ रोज तर 3. बेरीज 27 पर्यंत जाते. 5 ते 9 सौम्य, 10 ते 14 मध्यम, 15 ते 19 मध्यम ते तीव्र, 20 आणि त्यापुढे तीव्र. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, वरचा अपवाद तुम्हाला लागू. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. पण तारीख घालून कागद जपून ठेवा. डॉक्टरांसमोर 'बरं वाटत नाही' म्हणण्यापेक्षा तो कागद पुढे केला तर तुमच्या दहा मिनिटांचा नीट उपयोग होतो, आणि महिन्याने पुन्हा भरला की फरक पडतोय का हे तुम्हालाच दिसतं.

आता मुख्य प्रश्न. बेरीज 10 च्या आत असेल, कामाला जाताय, दोन घास जाताहेत, तर पहिल्याच भेटीत गोळीची घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेचं मतही तेच आहे, सौम्य नैराश्याला औषधं लागत नाहीत. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची 2022 ची मार्गदर्शिका आणखी पुढे जाते. बेरीज 16 च्या आत असेल तर गोळी हा नेहमीचा पहिला उपाय ठेवू नये, रुग्णाला स्वतःलाच ती हवी असेल तर गोष्ट वेगळी, असं ती म्हणते. त्याच्या वर मात्र चित्र बदलतं. तिथे गोळी, बोलून करायचे उपचार किंवा दोन्ही मिळून, असा विचार पहिल्याच दिवशी व्हायला हवा. 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये 522 चाचण्यांचा आढावा आला. त्यात 21 औषधं आणि एक लाखाहून अधिक रुग्ण होते. एकवीसच्या एकवीस औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. म्हणजे गोळी थोतांड नाही आणि जादूही नाही.

बोलून उपचार म्हणजे बड्या शहरातल्या लोकांची चैन, असं वाटत असेल तर शेजारच्या गोव्याकडे बघा. तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या लोकांना सहा ते आठ भेटी दिल्या. प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. भर एकाच गोष्टीवर: सुटलेली कामं, सुटलेली माणसं, सुटलेलं फिरणं, एकेक करून पुन्हा सुरू करणं. 2017 च्या 'लॅन्सेट'मधले निकाल सांगतात, तीन महिन्यांनी यातले 64 टक्के लोक सावरले होते. फक्त आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. म्हणजे 'रंकाळ्यावर चक्कर मारून ये' हा सल्ला तितकासा वेडा नाही. फक्त तो ठरल्या वेळी, रोज, कुणीतरी पाठपुरावा करत असताना अमलात आला पाहिजे. आणि ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला तो नुसता तोंडाने देऊन भागत नाही.

दुःख आणि आजार यांत गल्लत करू नका. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोळ-करवीरमधल्या ज्यांच्या घरात पाणी शिरलं, जनावरं गेली, त्यांना महिनाभर झोप लागली नाही तर तो लगेच गोळीचा विषय होत नाही. घरात माणूस गेल्यावर रडू येणं हाही नाही. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ, दिवसभर, जवळजवळ रोज, आणि कामधंदा बंद पडेपर्यंत हे चाललं, तर 'पुरामुळे आहे, आपोआप जाईल' म्हणत बसू नका. कारण समजलं म्हणजे आजार गेला असं होत नाही.

कुठे जायचं?

सगळ्यात स्वस्त दार टेली-मानसचं. 14416 किंवा 1800-891-4416, चोवीस तास, फुकट, मराठीत. ऑक्टोबर 2022 पासून ही सरकारी सेवा चालू आहे. पलीकडे समुपदेशक असतात आणि गरज पडली तर ते मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. चंदगड किंवा गगनबावड्यात असाल, तर कोल्हापूरची खेप करण्याआधी हा फोन करा. खेपेचा खरा खर्च एसटीच्या तिकिटात नसतो, तो बुडालेल्या रोजात असतो. तिकिटाचं म्हणाल तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांपुढच्यांना प्रवास फुकट आहे.

दुसरं दार सरकारी दवाखान्याचं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची ठिकाणं. तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले डॉक्टर तालुक्याच्या रुग्णालयांत ठरावीक दिवशी येतात. तुमच्याकडे कोणता वार, हे आशाताईंना विचारा, त्यांना ठाऊक असतं. कोल्हापूर शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर. ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असल्याने वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. तिथे केसपेपरला किरकोळ शुल्क पडू शकतं, त्यामुळे सुटे पैसे जवळ ठेवा. मानसोपचाराची ओपीडी सकाळची. केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते, म्हणून नऊच्या सुमारास रांगेत असलात तर बरं. सोमवारी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी गर्दी जास्त. कदमवाडीचं डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हाही पर्याय आहे. दर मात्र आधी विचारून जा.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल (पगाराची मर्यादा 21 हजार), तर तुमच्यासाठी आणि घरच्यांसाठी तपासणी आणि औषधं ईएसआयमधून मिळतात. अनेकांना हे माहीतच नसतं आणि ते बाहेर पैसे भरत राहतात.

तिसरं दार खासगी मानसोपचारतज्ज्ञाचं. पहिल्या भेटीला साधारण 500 ते 1,000 रुपये, पुढच्या भेटींना 300 ते 600. फोनवरच तीन गोष्टी विचारा: पहिली भेट किती मिनिटांची, फेरतपासणीची फी वेगळी का आणि किती दिवसांच्या आत आलं तर लागत नाही, आणि गोळ्यांबाबत अडचण आली तर फोनवर बोलता येतं का. पाटीवर एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. ही पदवी मानसोपचारातली आहे ना, ते बघा. मानसशास्त्रज्ञ गोळी लिहून देऊ शकत नाहीत, ते बोलून उपचार करतात. त्यांच्या एका सत्राला 600 ते 1,500 रुपये पडतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा, खरे लोक तो लगेच सांगतात. नुसती 'समुपदेशक' अशी पाटी लावायला तूर्तास फारसं काही लागत नाही, हे लक्षात ठेवा.

सोबत काय न्यायचं?

आधार कार्ड, जुने रिपोर्ट, भरलेला पीएचक्यू-9 चा कागद. आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप: बीपी, शुगर, थायरॉइड, गुडघ्याची, गर्भनिरोधक, व्यायामशाळेतून आणलेली पावडर, काढा, सगळं. नावं सांगू नका, पाकिटंच पुढे ठेवा. काही औषधांनीच उदासी येते, आणि काही वेदनाशामकं या गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दारू घेत असाल तर खरं प्रमाण सांगा. तिने गोळीचा सगळा हिशेबच बदलतो. घरातल्या एका माणसाला सोबत न्या, पण पाच मिनिटं एकट्याने बोलायची मागणी करा.

एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर तुम्ही स्वतः सांगा. आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप नको, पैसे उधळले, बोलणं थांबेना, अंगात दहा हत्तींचं बळ? किंवा घरात कुणाला असं होतं का? तसं असेल तर हा बायपोलर आजार असू शकतो, आणि त्यात डिप्रेशनची गोळी एकटी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. महागात पडणारी चूक इथेच होते, आणि ती टाळायला एक रुपयाही लागत नाही.

तपासण्यांचा खर्च

थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिनसह सीबीसी, शाकाहारी असाल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील तर बी-12. एवढ्या तपासण्यांना कारण आहे, कारण थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी झालं तरी माणूस असाच गळून जातो. बाहेरच्या लॅबमध्ये टीएसएच 200 ते 400, सीबीसी तेवढ्यातच, बी-12 ला 600 ते 1,000. वयस्कर माणसाला काही गोळ्यांआधी ईसीजी आणि सोडियम सांगतात, तेही योग्य. पण रक्तातलं 'सेरोटोनिन' मोजून डिप्रेशन ठरत नाही. साध्या उदासीसाठी ईईजी लागत नाही. डोकेदुखी, फिट, अचानक वागणं बदलणं असं काही नसताना मेंदूचं एमआरआय सांगितलं, तर 'यात काय सापडलं तर उपचार बदलणार?' एवढंच विचारा. 'फुल बॉडी पॅकेज' साठ तपासण्यांचं असतं. त्यातल्या पंचावन्न तुमच्या प्रश्नाशी संबंधित नसतात.

गोळी घ्यायची ठरली तर

एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ही नेहमीची नावं. पहिली दोन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या 2022 च्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या कमाल किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. ब्रँडेड गोळी साधारण 10 ते 15 रुपयांना पडते. तीच जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी किमतीत मिळते. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नावही ठळक अक्षरांत लिहून मागा, म्हणजे जनऔषधीत अडणार नाही. तेच औषध तिथे कधी संपलेलं असतं, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. पहिल्या वेळी दहा-पंधरा गोळ्याच घ्या. डॉक्टर बहुधा कमी ताकदीने सुरुवात करून नंतर वाढवतात किंवा बदलतात, आणि कापलेली स्ट्रिप कुठलंच मेडिकल परत घेत नाही.

आता स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. एस्सिटालोप्रॅमच्या खाली क्लोनाझेपाम असं दुसरं नाव आहे का? ब्रँडच्या नावापुढे 'प्लस' वगैरे काही असेल तर बहुधा असतं. ही जोडगोळी आपल्याकडे सर्रास विकली जाते. पहिल्या औषधाची नशा लागत नाही. दुसऱ्याची सवय लागते. ते पहिले काही दिवस झोपेसाठी, घालमेलीसाठी देतात आणि मग थांबवतात. पण दोन्ही एकाच गोळीत असली की थांबवायचं राहून जातं, आणि दोन वर्षांनी माणूस म्हणतो 'गोळीशिवाय झोपच येत नाही.' डॉक्टरांना स्पष्ट विचारा: दोन्ही वेगवेगळी लिहून देता का, आणि दुसरी कधी बंद करायची? अल्प्राझोलामचंही तेच. ते शेड्यूल एच-1 मध्ये येतं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून रुग्णाचं नाव वहीत नोंदवायला हवं. चिठ्ठीशिवाय कुणी देत असेल तर तो तुमच्यावर मेहरबानी करत नाही.

परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता कळायला सहा. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच येतात. म्हणूनच बरेच जण पाचव्या दिवशी गोळी फेकून देतात, म्हणजे त्रास भोगून फायद्याआधीच उठतात. लैंगिक इच्छा कमी होणं हा त्रासही होऊ शकतो. तो कुणी आपणहून सांगत नाही आणि लाजेपायी कुणी विचारत नाही. विचारा. औषध किंवा मात्रा बदलता येते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं, कारण या वयात सुरुवातीला आत्मघाताचे विचार वाढू शकतात. गरोदर असाल किंवा राहायचं ठरवत असाल, तर स्वतःहून सुरू करू नका आणि स्वतःहून बंदही करू नका.

बरं वाटायला लागल्यावर पहिल्या खेपेच्या आजारात आणखी सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. म्हणजे एकूण हिशेब नऊ महिने ते वर्षाचा. खासगीत नऊ महिन्यांचा मांडून बघा: पहिली भेट 800, पुढच्या सहा भेटी 500 प्रमाणे 3,000, गोळी 12 रुपयांची धरली तर 270 दिवसांचे 3,240, तपासण्या हजार. आठ हजारांच्या आसपास. सीपीआर आणि जनऔषधी मिळून तोच प्रवास दोन-अडीच हजारांच्या आत बसतो. आठ समुपदेशन सत्रं हजाराप्रमाणे घेतली तर तीही आठ हजार होतात, पण दोन महिन्यांत संपतात. पैशावरून निवड करायची झाली तर सरकारी दवाखान्यातून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. खासगीचं सोपं म्हणजे वेळ ठरवून मिळते आणि डॉक्टर बदलत नाहीत. या आजारात ते दोन्ही मोलाचं आहे, हेही खरं.

विमा आणि योजना

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 21 नुसार विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचंही तसंच. 'कागदोपत्री एक दिवस दाखल करून घेतो, विम्यातून काढू' असं कुणी सुचवलं तर उठून या. नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर उपचार लपवू नका, नंतरचा दुसराच क्लेम त्यावरून अडतो. नोकरीच्या ठिकाणी मात्र सांगायची सक्ती नाही. तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे, आणि स्वतःच्या उपचारांचे कागद मागून घ्यायचाही.

जवळच्या वाटा, ज्या लांब पडतात

वहिनींना चाललेली गोळी तुम्हाला चालेलच असं नाही. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर तीच गोळी घेत राहणं म्हणजे पैसे आणि महिने दोन्ही वाया. नृसिंहवाडीला जरूर जा, जोतिबाला जा, मनाला बरं वाटतं. पण तिथल्या आवारात कुणी 'औषध बंद करा, एवढे पैसे ठेवा' म्हणालं तर पैसेही ठेवू नका आणि औषधही बंद करू नका. चार दिवस बरं वाटलं म्हणून एकदम थांबवाल तर चक्कर, अंगात वीज गेल्यासारखे झटके, चिडचिड असा त्रास होऊ शकतो. लोक त्यालाच 'गोळीची सवय लागली' म्हणतात आणि घाबरून पुन्हा सुरू करतात. गोळी काही आठवड्यांत थोडी थोडी कमी करत थांबवायची असते, आणि तो टप्पा डॉक्टरांनीच आखायचा.

पहिल्या भेटीतून उठताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: गोळी कशासाठी, पुन्हा कधी दाखवायचं, आणि सगळं ठीक राहिलं तर ती कोणत्या महिन्यात कमी करायला घ्यायची. तिसऱ्याचं उत्तर द्यायला जे डॉक्टर वैतागतात, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा फी भरू नका.